डीईएफचा कॅन घरी किती दिवस टिकतो? आणि टाकीत भरताना काय सांभाळायचं?

लांबपल्ला

नमस्कार मंडळी,

माझी डिझेल एसयूव्ही एससीआरवाली (धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करणाऱ्या यंत्रणेची) आहे, म्हणजे डिझेलखेरीज डीईएफची, म्हणजे डिझेल एक्झॉस्ट फ्लुइडची, वेगळी टाकी. त्यातलं द्रावण एक्झॉस्टच्या धुरात फवारलं जातं. रोजचं चालवणं थोडं, मधूनच एखादा लांबचा प्रवास. डीईएफ संपत आलं की डॅशबोर्डवर आधी नुसता इशारा येतो, मग किलोमीटरचे आकडे उलटे मोजायला सुरुवात होते. ते शून्यावर आले की चालू गाडी बंद पडत नाही, पण एकदा किल्ली फिरवून बंद केली की पुन्हा सुरू होत नाही. आडरानात ही वेळ येऊ नये म्हणून एक कॅन कायम जवळ ठेवायचा विचार आहे.

शंका बऱ्याच आहेत. कॅन डिकीत ठेवला तर चालेल का? अर्धा वापरून उरलेलं किती दिवस चांगलं राहतं? टाकीच्या झाकणाभोवती पांढरी साखरेसारखी खर जमते, ती कशाची? आणि झाकण उघडल्यावर नाकात जाणारा वास येतो तो नेहमीचाच, की काही बिघडलंय? गाडीच्या पुस्तकात "योग्य ठिकाणी साठवा" एवढंच लिहिलंय. योग्य म्हणजे कुठे, ते जाणकारांनी सांगावं.

रेणूसूत्र

रसायनशास्त्र हा माझा रोजचा विषय, म्हणून आधी साठवणीबद्दल लिहिते.

कॅन डिकीत कायमचा ठेवू नका. ह्या एका प्रश्नाचं उत्तर नीट कळलं की बाकीची बरीचशी आपोआप कळतात.

डीईएफ म्हणजे वजनाच्या हिशेबात ३२.५ टक्के युरिया आणि ६७.५ टक्के क्षार काढलेलं पाणी. तिसरा घटक नाही. रंग घातलेला नसतो, टिकाऊपणासाठीही काही घातलेलं नसतं. (अ‍ॅडब्लू हे ह्याच द्रावणाचं नोंदणीकृत व्यापारी नाव, जर्मन वाहन उद्योग संघटनेच्या मालकीचं. वस्तू तीच.) पाण्यातला युरिया मुळात हळूहळू फुटत असतो आणि त्यातून अमोनिया सुटतो. उष्णता वाढली की हे फुटणं वेग घेतं. एक्झॉस्टच्या नळीत आपल्याला हवं असतं तेच: गरम धुरात फवारा पडतो, युरियाचा अमोनिया होतो, तो कॅटॅलिस्टवर (रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या थरावर) नायट्रोजन ऑक्साइडांशी भिडतो आणि मागून निरुपद्रवी नायट्रोजन आणि पाण्याची वाफ बाहेर पडते. पण हेच काम कॅनमध्येच सुरू झालं तर धुरासाठी लागणारा युरिया तेवढा कमी उरतो.

आयएसओ २२२४१ ह्या मानकाच्या तिसऱ्या भागात साठवणीची मुदत तापमानानुसार दिली आहे. सतत १० अंश सेल्सिअसपर्यंत राहिलं तर ३६ महिने. २५ अंशांपर्यंत १८ महिने, ३० पर्यंत १२, ३५ पर्यंत फक्त ६. पस्तिशीच्या पुढे मानक मुदत देतच नाही. वापरण्याआधी प्रत्येक बॅच तपासून घ्या म्हणतं. आता उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीच्या आतलं तापमान आठवा. ३६ महिन्यांवरून ६ महिन्यांवर यायला मधे फक्त २५ अंशांचा फरक आहे, आणि कडक उन्हातली डिकी त्याच्याही पलीकडे जाते.

ही मुदत तुम्ही कॅन विकत घेतला त्या दिवसापासून नाही, तो तयार झाला त्या दिवसापासून मोजायची. दुकानाबाहेर उन्हात रचून ठेवलेल्या कॅनचं बरंचसं आयुष्य तुमच्या हाती येण्याआधीच सरलेलं असतं. म्हणून आधी उत्पादनाची तारीख बघा, मग तो कुठे ठेवला होता ते बघा, आणि किंमत सगळ्यात शेवटी. घरी आणल्यावर सावलीत, जमिनीलगत, थंड खोलीत ठेवा. थेट ऊन नको, भट्टी किंवा बॉयलरशेजारची भिंत नको.

उघडलेल्या कॅनची गोष्ट थोडी वेगळी. तिथे दोन नुकसानं होतात: झाकण सैल असेल तर पाणी उडून जातं आणि द्रावण दाट होतं, शिवाय हवेतली धूळ आत जाते. मी स्वतः उघडलेला कॅन पुढच्या टॉप-अपला संपवते. कधी उघडला ते आठवत नसेल तर तो गाडीत ओतत नाही. झाकण घट्ट लावा आणि कॅनवर मार्करने तारीख लिहा.

तुमची पांढरी खर म्हणजे युरियाच. पाणी उडालं, युरिया मागे राहिला. वासाचं म्हणाल तर झाकण उघडताना अमोनियाचा हलका वास येणं स्वाभाविक आहे, त्यातून टाकी तापलेली असेल तर जास्तच. पण सीलबंद कॅन उघडताच डोळे चुरचुरले तर तो माल उन्हात राहिलेला आहे असं समजा.

नटबोल्ट

रेणूसूत्र ताईंनी साठवणीचं नेमकं सांगितलं. मी भरण्याबद्दल सांगतो. वर्कशॉपमध्ये डीईएफची जी कामं येतात, त्यातली निम्मीअधिक भरताना झालेल्या घाणीची असतात.

आधी गाडी सपाट जागेवर लावा, इंजिन बंद करा आणि थोडी थंड होऊ द्या. निळं झाकण उघडण्याआधी त्याच्याभोवतीची ती खर कोमट पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने पुसून घ्या. कोरड्या ब्रशने खरवडत बसू नका. युरियाचे कण आत पडले तर विरघळतील, पण त्यांना चिकटलेली माती विरघळत नाही. ती थेट पंपाच्या जाळीवर जाऊन बसते. झाकण काढल्यावर ते उलटं करून आतली रबरी रिंग बघा. तिच्यावर खर जमली असेल तर झाकण नीट बसत नाही आणि पुन्हा तिथून गळतं.

कॅनबरोबर जी लवचिक नळी येते तीच वापरा. ती आतून हाताळू नका आणि काम झाल्यावर जमिनीवर टाकू नका. नरसाळं लागलंच तर प्लास्टिकचं, नवं, आणि फक्त ह्याच कामाचं. कूलंटचं, ऑइलचं, डिझेलचं नरसाळं कितीही धुतलं तरी इथे नको. आतल्या भिंतीला लागलेला तेलाचा पातळसा थरही एससीआरला नकोसा असतो. जस्ताचा मुलामा दिलेलं पत्र्याचं नरसाळं तर मुळीच नको.

हळूहळू ओता. गळ्यापर्यंत भरण्याचा मोह टाळा, वर मोकळी जागा राहायलाच हवी. १० लिटरचा कॅन आणि टाकीत नक्की किती मावेल याचा अंदाज नसेल तर कॅन ओतण्याआधी आणि नंतर वजनकाट्यावर ठेवा. एक लिटर डीईएफ साधारण १.०९ किलो भरतं, म्हणजे भरलेल्या दहा लिटरच्या कॅनमध्ये जवळजवळ १०.९ किलो द्रव असतो. जेवढे किलो कमी झाले, जवळपास तेवढेच लिटर आत गेले.

सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. हातावर उडालं तर घाबरायचं कारण नाही, पाण्याने धुतलं की झालं. डोळ्यात गेलं तर मात्र बराच वेळ पाणी मारा आणि जळजळ थांबली नाही तर डॉक्टर गाठा. गाडीच्या रंगावर वाळू देऊ नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वायरिंगच्या कनेक्टरवर पडू देऊ नका. हे द्रावण तेलापेक्षा चिवटपणे सरपटतं. सैल कनेक्टरमध्ये शिरलं की तांबं खातं आणि तारेच्या आवरणाखालून पुढे पुढे जात राहतं. डिकीतल्या कार्पेटखाली कॅन गळलेला असला, की काही महिन्यांनी भलत्याच कुठल्या तरी सेन्सरचा फॉल्ट येतो आणि खरा दोषी सापडायला पूर्ण कार्पेट उचलावं लागतं.

पहिलागियर

माहितीपूर्ण धागा, वाचनखूण साठवली. एक शंका विचारतोच. डीईएफ म्हणजे युरिया आणि पाणीच असेल तर शेतीचा युरिया आणि बॅटरीचं पाणी आणून घरीच का बनवू नये? आमच्या ओळखीतले एक जण बनवतात. गाडी अजून काही म्हणत नाही. गाडीत क्वालिटी सेन्सर असतोच, प्रमाण चुकलं तर तो सांगेल.

रेणूसूत्र

पहिलागियर, तुमचा प्रश्न अनेकांच्या मनात असतो, म्हणून सविस्तर लिहिते. कृपा करून बनवू नका आणि त्या ओळखीतल्यांनाही सांगा.

शेतीचा युरिया पिकासाठी उत्तम आहे, पण तो वेगळ्या कसोटीवर बनतो. दाणे फुटू नयेत, एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यात फॉर्मल्डिहाइडवर आधारित द्रव्यं घालतात. दाणे बनवताना युरिया तापतो तेव्हा त्यात बाययुरेट तयार होतं. खतात ते एक टक्क्याच्या आसपास असलं तरी पिकाचं सहसा बिघडत नाही. डीईएफमध्ये त्याची कमाल मर्यादा ०.३ टक्के आहे. जास्त झालं की ते एक्झॉस्टच्या नळीत पूर्ण फुटत नाही आणि कडक थर बनून बसतं.

पण खरी भीती धातूंची. मानकात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम, लोह, अ‍ॅल्युमिनियम ह्यांची मर्यादा प्रत्येकी एका किलोत ०.५ मिलिग्रॅम आहे. तांबं, जस्त, निकेल, क्रोमियम ह्यांची ०.२. म्हणजे दशलक्ष भागांत अर्ध्या भागाहून कमी. सोडियम-पोटॅशियमसारखे धातू कॅटॅलिस्टच्या ज्या जागांवर अमोनिया धरला जातो त्याच जागा अडवून बसतात. तिथून ते धुऊन काढता येत नाहीत. कॅटॅलिस्ट एका दिवसात मरत नाही, थोडा थोडा निकामी होत जातो. म्हणून "गाडी अजून काही म्हणत नाही" ह्याला काही अर्थ नाही.

सेन्सरबद्दलही गैरसमज आहे. बहुतेक गाड्यांतला क्वालिटी सेन्सर द्रवातून ध्वनिलहरी किती वेगाने जातात ते मोजतो आणि त्यावरून युरियाचं प्रमाण काढतो. पाणी जास्त झालं, भलताच द्रव पडला, तर त्याला कळतं. प्रमाण बरोबर ३२.५ आहे आणि आत क्षार मात्र मानकाच्या कितीतरी पट आहेत, हे त्याला दिसत नाही. हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरलाही दिसत नाही. तो फक्त अपवर्तनांक (द्रवात शिरताना प्रकाश किती वाकतो तो आकडा) बघतो, जो २० अंशांना १.३८१४ ते १.३८४३ मध्ये असायला हवा. प्रमाण तपासायला ही साधनं चांगली आहेत. शुद्धता तपासायला प्रयोगशाळा लागते.

आणखी एक. युरिया विरघळताना पाणी चांगलंच थंड होतं, दाणे तळाशी तसेच बसतात, मग लोक भांडं तापवतात. तापवलं की अमोनिया. म्हणजे घरच्या पद्धतीत प्रमाणही हाताबाहेर जातं.

गाडीतला हा सगळा खटाटोप धुरातले नायट्रोजन ऑक्साइड रोखण्यासाठी आहे. दमा असलेल्या माणसाला ते काय करतात हे मी घरातच बघते. त्यामुळे ह्या विषयात मला काटकसर पटत नाही.

चौदाचाकी

आमच्याकडे मालवाहू गाड्या आहेत, त्यामुळे डीईएफ ड्रमने येतं. ट्रकचा हिशेब ढोबळमानाने १०० लिटर डिझेलमागे ३ ते ६ लिटर डीईएफ. चढण आणि लोड जास्त असेल तर वरच्या आकड्याकडे. हा आकडा प्रत्येक गाडीचा वहीत लिहितो, कारण वापर अचानक घटला तर ती बचत नसते, डोसिंग (धुरात डीईएफ फवारणं) कुठेतरी अडकलेलं असतं.

ड्रमवाल्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. पंप, वॉल्व्ह, पाइप, नोझल ह्यातलं काहीही पितळेचं, तांब्याचं, साध्या लोखंडाचं, गॅल्व्हनाइज्ड किंवा अ‍ॅल्युमिनियमचं नको. डिझेलचा जुना हातपंप धुऊन लावायची सवय खूप ठिकाणी दिसते. त्याच्या पितळी भागांतून तांबं आणि जस्त सुटतं आणि वर ताईंनी लिहिलेली ०.२ मिलिग्रॅमची मर्यादा बघता बघता ओलांडली जाते. स्टेनलेस स्टील किंवा एचडीपीई, पॉलिप्रॉपिलीन ही प्लास्टिकं चालतात. हवा आत जाण्याच्या तोंडाला गाळणी असावी. ड्रम उघडा ठेवून मगाने उपसणं तर बंदच करा.

जुना माल आधी, नवा नंतर. ड्रमवर आल्याची नाही, बनल्याची तारीख ठळक लिहितो आणि भिंतीशी जुना ड्रम कायम पुढे ओढून ठेवतो.

ड्रायव्हर मंडळींसाठी: इंजिन बंद केल्या केल्या बॅटरीचा मेन स्विच पाडू नका. किल्ली काढल्यावर मागून पंपाची घरघर ऐकू येते. तेव्हा तो नळीतलं आणि इंजेक्टरजवळचं डीईएफ टाकीत परत ओढून घेत असतो. ती थांबली की मगच स्विच. मधेच वीज तोडली तर डीईएफ नळीत राहतं, थंडीत गोठतं, गरमीत सुकतं, आणि पुढच्या वेळी इंजेक्टरचं तोंड पांढऱ्या खड्याने बंद झालेलं सापडतं. आमच्याकडे नव्या ड्रायव्हरला गाडी देताना हे आधी ऐकवतो. ती घरघर थांबेपर्यंत त्याला गाडीजवळच उभा करतो.

हिमरेषा

थंड प्रदेशातल्यांसाठी भर घालतो. डीईएफ उणे ११ अंशांना गोठतं आणि गोठताना साधारण ७ टक्के फुगतं. नटबोल्ट भाऊंनी टाकी गळ्यापर्यंत भरू नका म्हटलं त्याचं हे मोठं कारण. ३२.५ टक्के हे प्रमाणही असंच निवडलेलं आहे: ह्या प्रमाणाला गोठणबिंदू सर्वांत खाली जातो, आणि पाणी व युरिया एकत्रच गोठतात, एकत्रच वितळतात. म्हणून वितळल्यावर द्रावण पूर्वीसारखंच असतं, फेकून द्यायची गरज नाही.

गोठलं तरी इंजिन सुरू होतं. टाकीतला हीटर ते वितळवतो, तोवर डोसिंग थांबलेलं असतं आणि गाडीला ते माहीत असतं. त्यात अँटिफ्रीझ, गरम पाणी, मीठ, काहीही घालू नका. कॅन गोठला असेल तर घरात आणून ठेवा, आपोआप वितळू द्या. थंडीने डीईएफ बिघडत नाही, बिघडतं ते उष्णतेने. आमच्याकडचे लोक थंडीची धास्ती घेऊन कॅन हीटरजवळ ठेवतात तेव्हा मला हेच सांगावं लागतं.

उंबरठा

तातडीचा प्रश्न. भावाच्या पिकअपमध्ये कुणीतरी डीईएफ डिझेलच्या टाकीत ओतलंय. दोनेक लिटर असेल. गाडी अजून सुरू केलेली नाही. वरून डिझेल भरून पातळ केलं तर चालेल का?

नटबोल्ट

नाही! किल्ली ऑनसुद्धा करू नका. बऱ्याच गाड्यांत किल्ली ऑन होताच टाकीतला पंप चालू होतो. डीईएफ डिझेलपेक्षा जड असतं आणि त्यात मिसळत नाही, तळाशी जाऊन बसतं, आणि पंप डिझेल तळातूनच उचलतो. वरून कितीही डिझेल ओतलं तरी पहिला घोट डीईएफचाच जाणार. एकदा ते हाय प्रेशर पंपात आणि इंजेक्टरमध्ये गेलं की गंज आणि युरियाचे खडे, आणि मग सगळी इंधनप्रणाली बदलायचं काम निघतं. टो करून न्या, टाकी उतरवून रिकामी करून धुवून घ्या. सुरू केलेली नाही हे फार चांगलं झालं, काम आत्ता टाकीवरच थांबेल.

उलटा प्रकार, म्हणजे डीईएफच्या टाकीत डिझेल, तोही तेवढाच वाईट. डिझेल वर तरंगतं, रबरी सील आणि पंपाचे पडदे फुगवतं. तिथेही सुरू न करता टो. पंपावरच्या डीईएफच्या नोझलचं तोंड १९ मिलिमीटरचं असतं, डिझेलचं त्याहून जाड, म्हणून डिझेलचं नोझल निळ्या झाकणाखाली जात नाही. पण डीईएफचं बारीक नोझल डिझेलच्या टाकीत जातं. ट्रकसाठीच्या बऱ्याच नोझलमध्ये ह्यासाठी चुंबकाची सोय असते, टाकीच्या गळ्यातली चुंबकाची रिंग असल्याशिवाय ते उघडत नाही. कॅनने भरताना असं कुठलंच संरक्षण नाही. तिथे झाकणाचा रंग आणि त्यावरची अक्षरं वाचणं हाच उपाय.

उंबरठा

खूप आभार. टो करायला सांगितलं आहे. किल्ली त्याच्याकडून काढून घेतली.

लांबपल्ला

सगळ्यांचे मनापासून आभार. डिकीचा बेत रद्द. कॅन घरात, पायऱ्यांखाली सावलीत ठेवला आहे. लांबच्या प्रवासाला निघतानाच टाकी बघून टॉप-अप करणार, म्हणजे गाडीत कॅन नेण्याची वेळच कमी येईल. तुम्ही सांगितलं तसं आज भरलं, पण डॅशबोर्डवरचा इशारा गेलेला नाही. काही चुकलं का? आणि जुना, तारीख उलटून गेलेला एक कॅन गॅरेजमध्ये सापडला, त्याचं काय करू?

नटबोल्ट

किती ओतलं? बऱ्याच गाड्यांत ठरावीक किमान भर पडल्याशिवाय लेव्हल सेन्सर ती नवी भर मानतच नाही, आणि तो आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. लिटरभर ओतून इशारा जाईल अशी अपेक्षा धरू नका. पुरेसं ओतलं असेल तर गाडी सपाट जागी ठेवून, इंजिन सुरू न करता, किल्ली थोडा वेळ ऑन ठेवा. काही मॉडेलमध्ये थोडं अंतर चालवल्यावरच आकडा बदलतो. त्यानंतरही इशारा राहिला तर स्कॅनर लावून कोड वाचून घ्या. तोवर आणखी ओतत बसू नका, टाकी काठोकाठ भरेल.

रेणूसूत्र

जुना कॅन गाडीत नको. "निम्मं जुनं, निम्मं नवं" हा हिशेबही नको, त्याने चांगलं अर्धंही वाया जातं. नाल्यात, तळ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका, त्यातून सुटणारा अमोनिया माशांना मारक असतो. तुमच्या भागात रासायनिक कचरा जिथे घेतात तिथे बंद कॅनसकट द्या, नाहीतर नटबोल्ट भाऊंसारख्या वर्कशॉपला विचारा. रिकाम्या कॅनमध्ये पिण्याचं पाणी भरू नका, आणि दुसरा कुठला द्रव भरून निळं लेबल तसंच ठेवू नका. घरातल्या दुसऱ्या माणसाने तोच कॅन उचलून टाकीत ओतला तर उंबरठा यांच्या भावासारखी गत व्हायची.

लांबपल्ला

पुस्तकात किमान ५ लिटर लिहिलंय, मी त्याहून कमी ओतलं होतं. उरलेलं आत्ता भरलं, किल्ली ऑन ठेवून थांबलो, आकडा आला आणि इशारा गेला. जुना कॅन उद्या वर्कशॉपला देतो.